राणूबाई : एका स्त्रीनामाच्या पिढ्या

मिती नसलेला कागद हातीं आला म्हणजे संग्राहक प्रथम अक्षराचें वळण पाहतो, मग कागद व शाई, आणि शेवटीं त्यांत आलेलीं नांवें. पुरुषांचीं नांवें या कामीं फारशीं उपयोगी पडत नाहींत. नातवास आजोबाचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें तींच घराण्यांत फिरत राहतात. स्त्रियांचीं नांवें पिढीची खूण अधिक स्पष्ट दाखवितात, असें पुष्कळांचें मत आहे. तें कितपत ग्राह्य आहे, हें एका जुन्या लोकप्रिय नांवावरून पाहूं.

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांतलें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. शके १५३० (इ. स. १६०८) च्या रामनवमीस ते जन्मले. पिता सूर्याजीपंत ठोसर, माता राणूबाई, आणि मुलाचें नांव नारायण. हीं तीन नांवें एकत्र ठेवून वाचावीं. सूर्याजीपंत सूर्योपासक होते, असें परंपरा सांगते. नारायण म्हणजे येथें सूर्यनारायण. आणि राणूबाई तर सूर्याचीच पत्नी. श्रावणांतल्या आदितवारीं जिची कहाणी वाचतात, ती आदित्य-राणूबाई हीच. पुराणांत सूर्यपत्नीस राज्ञी म्हटलें आहे. राज्ञीचें प्राकृत रण्णी, त्यावरून मराठी राणी, व लाडकें रूप राणू. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खानदेशांत नागपंचमीनंतरच्या आदितवारीं कानबाईचा उत्सव होतो. तिच्या जोडीला ज्या रानबाईचें नांव घेतात, तिचेंहि नातें याच देवतेशीं असावें, असें आम्हांस वाटतें. वार तरी तोच आहे.

आतां हें नांव माहेरचें कीं सासरचें? विवाहांत वधूचें नांव बदलावें, व तें वराच्या नांवास शोभेल असें ठेवावें, ही आपली जुनी चाल. सूर्याजीची राणू ही जोडी इतकी नेमकी आहे कीं, तें नांव सासरींच ठेवलेलें असावें, असें आमचें अनुमान आहे. तसें असेल तर या नांवावरून मुलीच्या आईबापांची आवड कळत नाहीं. सासरच्या घरांतली उपासना मात्र कळते.

याच नांवाचें दुसरें उदाहरण राजघराण्यांतलें. शिवछत्रपति व सईबाई यांच्या सखूबाई, राणूबाई व अंबिकाबाई या कन्या. सईबाई इ. स. १६५९ त वारल्या, तेव्हां ही राणूबाई त्यापूर्वींची. जांबच्या राणूबाईचा वडील मुलगा गंगाधर इ. स. १६०५ चा, म्हणजे दोघींत दोनतीन पिढ्यांचें अंतर पडतें. येथें हें नांव मुलीस माहेरींच मिळालेलें आहे. शेजारीं सूर्याजी नाहीं. कुळकर्ण्याच्या घरांतलें व्रताचें नांव मराठा राजकुळांत साधें मुलीचें नांव म्हणून चालत होतें, यावरून तें किती रुळलेलें होतें तें दिसतें. पुढें अठराव्या शतकांत पेशव्यांच्या घरांतील राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई, रमाबाई, आनंदीबाई या नामांकित स्त्रियांत राणूबाई कोणी आढळत नाहीं.

माहेर-सासरच्या या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास केवढा घोंटाळा होतो, तें अलीकडच्या दोन प्रसिद्ध स्त्रियांवरून समजेल. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) माहेरच्या यमुना; रमाबाई रानडेहि माहेरच्या यमुनाच. माहेरच्या कागदांत दोन यमुना आणि सासरच्या कागदांत एक आनंदी व एक रमा, अशा दोघींच्या चार बायका वंशावळींत सहज उभ्या राहतील. इ. स. १८९३ त धोंडो केशव कर्व्यांशीं पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईहि पुढें आनंदीबाईच झाल्या. अर्थात् आनंदी या नांवावरून फार तर विवाहाचा काळ व सासरची आवड अजमावावी. जन्मकाळासाठीं यमुना व गोदू हींच नांवें पाहिलीं पाहिजेत.

राणूबाई हें नांव एखाद्या मोडी बाडांत भेटल्यास आणखी एक खबरदारी घ्यावी. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद पाळीत नाहींत, म्हणून राणु व राणू या रूपांवरून काळाचा तर्क करूं नये; बालबोध नक्कल करणारानें तो आपल्या समजुतीनें लिहिलेला असतो. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देवांनीं जमविलेल्या रामदासी बाडांसारख्या संग्रहांत अशा नकला पुष्कळ असतात. टिपण करितांना नांवापुढें तें माहेरच्या कागदांतलें कीं सासरच्या, एवढें लिहून नवऱ्याचें नांवहि शेजारीं नोंदवावें.