इंग्रजीच्या शिक्षकाला आधी काय यायला हवं?

सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगारांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड, काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू आणि शाळेच्या फळ्यावर बहुतेक ठिकाणी मराठी. अशा जिल्ह्यात इंग्रजी शिकवायची ओढ असलेल्या तरुणाची वाट ठरलेली असते. डी.एल.एड. किंवा बी.एड., पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पुढे अभियोग्यता चाचणी आणि मग ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या पोर्टलवर निवड यादीची वाट बघणं. टीईटीत खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण लागतात. अभियोग्यता चाचणीत दोन तासांत 200 प्रश्न सोडवावे लागतात. दोन्हीकडे पर्यायांतून उत्तर निवडायचं. त्यातून उमेदवाराची तयारी दिसते, पण इंग्रजी वाक्यात पोरं नेमकी कुठे अडतात हे त्याला उमगतं की नाही, ते दिसत नाही. सोलापुरात खरी पात्रता तीच आहे, आणि ती मुलांच्या घरच्या भाषांकडे कान दिल्याशिवाय येत नाही.

एक साधं वाक्य घ्या. मराठीत ‘मी शाळेत जातो’, तेलुगूत ‘नेनु बडिकि वेळ्तानु’, कन्नडमध्ये ‘नानु शालेगे होगुत्तेने’. उर्दूतही क्रियापद शेवटीच. इंग्रजीत मात्र ते मधे येतं: ‘आय गो टू स्कूल’. ‘शाळेत’मधला ‘त’, ‘बडिकि’मधला ‘कि’, ‘शालेगे’मधला ‘गे’ नामाच्या मागे चिकटतो. ‘टू’ नामाच्या आधी सुटा उभा राहतो. म्हणजे चार घरांतली मुलं चुकतात ती एकाच जागी. ही जागा ओळखणारा शिक्षक चारही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून पाच मिनिटांत ती दाखवतो. न ओळखणारा वर्षभर लाल शाईने तीच चूक खोडत बसतो.

यावर आक्षेप येतो की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच कानावर पडली पाहिजे. बाहेर ती ऐकायला मिळते कुठे? मुद्दा रास्त आहे. सूचना, गोष्टी, प्रश्नोत्तरं इंग्रजीतच व्हावीत. पण वर्गात 35 मिनिटं इंग्रजी बोलली गेली म्हणून ती 35 मिनिटं समजली असं होत नाही. दुसरा आक्षेप असा की एकट्या शिक्षकाला चार भाषा येणार कशा? त्या अस्खलित यायची गरजच नाही. घरी हे वाक्य कसं म्हणता, एवढं विचारलं तरी मुलंच सांगतात. याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये आणली. त्यांना मिळालेल्या 2020च्या दहा लाख डॉलरच्या जागतिक शिक्षक पुरस्कारावेळी त्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचीच चर्चा जास्त झाली, पण मूळ गोष्ट मुलांच्या भाषेपर्यंत पोचण्याची होती. ते काही फक्त इंग्रजीचे शिक्षक नव्हते. तरी इंग्रजीच्या शिक्षकाने घ्यावा असा धडा हाच.

तेव्हा यादी लागेपर्यंतचा काळ नुसत्या सराव प्रश्नसंचांत घालवू नये. आपल्या गल्लीतल्या मुलांची इंग्रजी वाक्यं एका वहीत, चुकांसकट उतरवून घ्यावीत आणि शेजारी त्यांच्या घरचं वाक्य लिहावं. पुढे वर्गात उभं राहिल्यावर गाईडपेक्षा ही वहीच जास्त उपयोगी पडेल.