एच-इंडेक्स आणि लाल मणी

प्राध्यापकाच्या बढतीचा अर्ज असो की परिसंवादातल्या वक्त्याची ओळख, हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘यांचा एच-इंडेक्स इतका आहे.’ ऐकणारे मान डोलावतात. पण हा आकडा येतो कुठून? आणि आरोग्य, रोजगार, समाजकल्याण अशा थेट माणसांच्या जगण्याशी भिडणाऱ्या विषयांत तो नेमकं काय सांगतो?

मूळ एकक आहे उद्धरण, म्हणजे सायटेशन. एका अभ्यासकानं आपल्या निबंधाच्या शेवटी दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला, की दुसऱ्याच्या खात्यावर एक उद्धरण जमा होतं. युजीन गारफिल्ड यांनी अमेरिकेत १९६४ साली अशा संदर्भांची सूची पद्धतशीर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मूळ हेतू होता तो अभ्यासकाला संबंधित निबंध सापडावेत हा. माणसं मोजण्यासाठी तिचा वापर नंतर वाढत गेला.

२००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला. रीत सोपी आहे. समजा, एखाद्या संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ५, ४ आणि १ उद्धरणं मिळाली आहेत. उतरत्या क्रमानं मोजत जायचं. चौथ्या निबंधाला निदान चार उद्धरणं आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स चार.

आता पहिल्या निबंधाची ४० उद्धरणं खोडून ४,००० लिहा. एच-इंडेक्स चारच राहतो! सातत्यानं बरं लिहिणाऱ्याला हे माप न्याय देतं, पण एखादं काम किती मोठं आहे ते त्याला दिसत नाही.

आणखीही फटी आहेत. ‘हा निष्कर्ष चुकीचा आहे’ असं सांगण्यासाठी दिलेला संदर्भही खात्यावर जमाच होतो. स्वतःच स्वतःचे संदर्भ देऊन आकडा फुगवता येतो. स्कोपस आणि गूगल स्कॉलर या उद्धरण-सूचींच्या नोंदी वेगळ्या असल्यामुळे एकाच माणसाचे दोन आकडे निघतात. मराठीतून लिहिलेला अहवाल तर बहुतेक वेळा या वह्यांत चढतच नाही.

मग परिणाम शोधायचा कसा? निबंधाचा माग जमिनीवर काढावा लागतो. गडचिरोलीचं उदाहरण घेऊ.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट दिसली. १९९९ साली हा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

त्याआधी ‘सर्च’च्याच बालकांच्या न्यूमोनियावरच्या कामात एक अडचण होती. बाळाचे मिनिटातले श्वास मोजायचे, पण मोजणाऱ्या दाईला मोठे आकडे मोजता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून एक साधं उपकरण बनवलं गेलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगानं चालला आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ही सीमा मिनिटाला ६० श्वासांची. घड्याळ नाही, पाटी नाही. तरी निदान करता येतं.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा हा विचार २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आला. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ‘आशा’ ही आरोग्यसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन आणि ताप बघते. या भेटी कुठल्याही उद्धरण-सूचीत नोंदल्या जात नाहीत. आणि १९९९चा तो निबंध? एच-इंडेक्समध्ये तो फार तर एकानं भर घालतो.

रोजगाराचंही तसंच. १९८०च्या सुमारास रोजगार हमीवरच्या मजुराला दिवसाला चार रुपये मिळत. मजुरी ठरवणाऱ्या समितीच्या गणितात माणसाची गरज कमी धरली आहे, असं डॉ. अभय बंग यांनी त्याच गणिताची फेरतपासणी करून दाखवलं. त्यांच्या हिशेबानं मजुरी बारा रुपये हवी होती. इथे संशोधनाचं मोल मजुराच्या हातात पडणाऱ्या रुपयांत दिसतं.

मात्र माग काढताना घाईही नको. देशातला बालमृत्यूदर उतरला तो रस्ते, लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं, स्त्रीशिक्षण अशा अनेक कारणांनी. सगळं श्रेय एका निबंधाच्या पदरात टाकणं म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक. म्हणून ब्रिटनमध्ये २०१४च्या संशोधन-मूल्यमापनापासून विद्यापीठांकडून ‘परिणामाच्या कहाण्या’ पुराव्यासह मागितल्या जातात. तेव्हा त्यांना २० टक्के गुण होते, २०२१ मध्ये २५ टक्के झाले. कोणतं संशोधन, कोणत्या धोरणात, कोणाच्या आयुष्यात काय बदल, हे टप्प्याटप्प्यानं दाखवावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाचा एच-इंडेक्स ऐकलात, तर त्याला जरूर मान द्या. अभ्यासकांनी एकमेकांचं किती वाचलं याचा तो बरा अंदाज आहे. पण विषय आरोग्याचा, मजुरीचा किंवा पेन्शनचा असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा: या संशोधनानं कोणाच्या हातात काय दिलं?