सायकल परदेशात, शरीर अजून कांदिवलीत

जुलै महिन्यात कांदिवलीच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय सत्तावन्न. उजव्या मनगटाचे प्लास्टर नुकतेच निघालेले, मनगट आखडलेले. मुलगा नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये, अॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेन या गावी राहतो. पतीपत्नी जूनमध्ये पहिल्यांदाच तिकडे गेले होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी मुलाची सायकल काढली आणि संध्याकाळी साडेआठच्या सुमारास ट्रामच्या रुळांवर पडले. "डॉक्टर, कॉलेजला जाईपर्यंत मी रोज सायकल चालवत होतो. मग तिथेच कसा पडलो?" हा त्यांचा प्रश्न.

आपल्या जिल्ह्यातीलही कितीतरी मुले आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी आहेत आणि आईवडील त्यांच्याकडे जातात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. सायकल चालवायला माणूस विसरत नाही हे खरे, पण अडचण तिथेच आहे. विमान नऊ-दहा तासांत पोचते. शरीराच्या सवयी पोचायला चार-पाच दिवस लागतात.

पहिली सवय झोपेची. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. उन्हाळ्यात हॉलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार तास. म्हणजे हे गृहस्थ पडले तेव्हा त्यांच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे बारा वाजले होते! जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे झोप आली आहे हे चटकन लक्षात येत नाही. नजर आणि हात मात्र मंदावलेले असतात. साधारणपणे एका तासाच्या फरकाला एक दिवस धरावा. तेवढे दिवस संध्याकाळी सायकल नको. उजेडात पायी फिरावे, त्याने शरीराचे घड्याळही लवकर जुळते.

दुसरी सवय नजरेची. आपण डावीकडून वाहने चालवतो, म्हणून रस्त्यावर येताना मान आधी उजवीकडे वळते. तिथे सारे उजवीकडून चालतात, म्हणजे पहिले वाहन डावीकडून येते. गर्दीत इतरांचे बघून आपण बरोबर चालतो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर किंवा दुकानातून सायकल बाहेर काढताना. तिथे क्षणभर थांबून स्वतःशी म्हणावे, "आधी डावीकडे."

तिसरी सवय पायांची. आपल्या सायकलचे पायडल उलटे फिरवले तर काही होत नाही. तिथल्या बऱ्याच साध्या सायकलींना पायडल उलटे दाबले की मागचा ब्रेक लागतो, आणि काहींना हॅण्डलवर ब्रेकच नसतो. ऐनवेळी हात ब्रेक शोधत राहतात. तेव्हा सायकल घेतल्यावर आधी मोकळ्या जागी दहा-वीस वेळा थांबून पाहावे. सीट पहिले काही दिवस इतकी खाली ठेवावी की बसल्याबसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. सराव झाल्यावर ती थोडी वर घ्यावी, नाहीतर गुडघे दुखतात.

ट्रामच्या रुळाची खाच सायकलचे चाक अडकेल एवढी रुंद असते. रूळ तिरका ओलांडू नये, शक्यतो काटकोनात ओलांडावा. पाऊस पडलेला असेल तर सरळ उतरून चालावे. पडताना माणूस हात पुढे टेकतो, सारा भार मनगटावर येतो आणि हाड मोडते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असल्याने त्यांना हा धोका अधिक.

आता दोन वैद्यकीय सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी वेळापत्रक ठरवून घ्यावे. जेवणाच्या वेळा बदललेल्या असतात, त्यात समोरून वारा असला की सपाट रस्त्यावरही भरपूर श्रम होतात आणि साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच सायकल थांबवावी, तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा खावी. साखर खिशातच हवी.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. लांबच्या विमानप्रवासात तासन्‌तास बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. सायकलीने दोन्ही पोटऱ्या थोड्या दुखतात, ते दोन दिवसांत थांबते. पण एकच पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर "सायकलीमुळे झाले" म्हणून चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर ११२ या क्रमांकावर फोन करावा. युरोपभर तातडीच्या मदतीसाठी हाच क्रमांक आहे. प्रवासाचा आरोग्यविमा आधीच काढलेला असावा.

त्या गृहस्थांनी जाताना विचारले, "मग पुढच्या वर्षी सायकलला हात लावायचाच नाही का?" मी म्हटले, अवश्य लावा. पहिले दोन दिवस पायी हिंडा, रस्ते ओळखीचे करून घ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या घराजवळच्या अॅम्स्टरडॅम्से बॉस या मोठ्या वनउद्यानात फेऱ्या मारा; तिथे सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत. पाचव्या दिवशी मुलाला पुढे ठेवून बाजारात जा. नवे शहर सायकलवरून जितके चांगले दिसते तितके मोटारीतून दिसत नाही. फक्त शरीर मागून येते आहे, त्याची वाट पाहा.