रुसलेला डिस्क ड्राइव्ह

१९८२ सालीं निघालेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक अद्यापि जपून ठेवणारे हौशी लोक आहेत. त्याच्या जोडीचा १५४१ हा डिस्क ड्राइव्ह मात्र वरचेवर रुसतो. समोरचा दिवा लुकलुकूं लागतांच कित्येक स्क्रूड्रायव्हर हातीं घेतात. हा निव्वळ उतावळेपणा होय. आधीं कांहीं स्वतःच्या, कांहीं परक्या तबकड्या घालून पाहाव्या. मोलाची तबकडी मात्र घालूं नये. एकही वाचली न गेल्यास वाचनशीर्षावर मळ बसल्याचा संभव असतो. प्लग काढून, कापसाच्या बोळ्यानें आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकेंच फिरवावें.

स्वतःचें लेखन वाचतो, परक्याचें नाहीं (आपलें अक्षर आपणांसच लागावें, तशांतला प्रकार!), असें दिसल्यास शीर्ष ढळलें आहे असें समजावें. आरंभस्थान दाखविणारी सोय या यंत्रांत नाहीं. शीर्ष अडसरावर खडखड आपटून तें शोधावें लागतें. त्यांत पेटींतील विद्युत्पुरवठ्याची उष्णता! परंतु शीर्ष सरळ केल्यावर ढळलेल्या स्थितींत लिहिलेलें सारें अवाच्य होण्याचें भय आहे. यास्तव तबकड्यांवरील कार्यक्रम प्रथम त्याच ड्राइव्हनें वाचून कॅसेटवर उतरून घ्यावे, आणि मगच स्क्रू सैल करावे.