भिंतीपलीकडचा बिबट्या आणि विहारातली गोष्ट

मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या आयांजवळ एक हुकमी शस्त्र आहे. पोर जेवत नसले, झोपत नसले, दिवेलागणीला बाहेर पळत असले की म्हणायचे, "गप बस, नाहीतर बिबट्या येईल!" इतर ठिकाणच्या आया 'बुवा येईल' म्हणतात आणि बुवा काही कधी येत नाही. आमच्याकडचा बिबट्या मात्र खरोखरच येऊ शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची भिंत कुणाच्या घरामागून शंभर पावलांवर आहे, तर कुणाच्या संडासाच्या वाटेवर. बोरिवली, भांडुप, आरे, सगळीकडे हीच कथा.

अशा वस्तीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'वन्यप्राणी वाचवा' हे सांगायचे कसे? शाळेच्या भिंतीवर वाघाचे चित्र काढून खाली घोषवाक्य लिहिणे सोपे आहे. पण ज्याच्या आईने त्याला जन्मापासून त्याच प्राण्याचे भय घातले, त्या पोराला ते वाक्य खोटे वाटणार. आणि ते भय तरी निव्वळ खोटे कुठे आहे? २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या परिसरात एकामागून एक माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत दीड वर्षाचीही न झालेली मुलगी गेली. आम्ही हे विसरून लिहीत नाही.

आमच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मोठी माणसे ऐकतात, लहान मुले चुळबुळ करतात आणि शेवटी त्यांना चपला सांभाळायला बाहेर पाठवले जाते. त्या चिल्ल्यापिल्ल्यांना मागच्या पडवीत घेऊन आम्ही गोष्टी वाचायला लागलो. सांगायला नव्हे, वाचायला. पुस्तक मध्ये ठेवायचे, मुले गोल करून बसवायची, ओळीवर बोट ठेवायचे आणि पान उलटायचा मान रोज वेगळ्याला द्यायचा. पहिल्या दिवशी सात मुले होती. खाऊ काहीच नव्हता, तरी पुढच्या रविवारी पंधरा झाली.

तिथे वाचलेल्या गोष्टींपैकी आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती व्याघ्रजातकाची. पाली जातकांत ती २७२ व्या क्रमांकावर आहे. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातकांचा मराठी अनुवाद केला आहे, मोठ्यांनी तो मिळवून वाचावा. मुलांसाठी आम्ही गोष्ट सोप्या शब्दांत वहीत लिहून काढली आणि चित्रे मुलांनीच काढली.

गोष्ट अशी. एका वनात दोन वृक्षदेवता राहत होत्या. त्याच वनात एक सिंह आणि एक वाघ होता. त्यांच्या भीतीने त्या वनात कुणी कुऱ्हाड घेऊन शिरत नसे, की नांगर धरत नसे. पण सिंह आणि वाघ शिकार खाऊन उरलेले तिथेच टाकत, त्याची घाण सुटे. एक देवता वैतागली. म्हणाली, "यांना हाकलून लावू." दुसरी शहाणी होती, तिने समजावले, "अगं, यांच्यामुळे आपले घर शाबूत आहे. यांचे ठसे दिसेनासे झाले की माणसे सगळे वन तोडतील." पहिलीने ऐकले नाही. भयंकर रूप घेऊन तिने दोघांना पळवून लावले. काही दिवसांत माणसांच्या लक्षात आले की वाघाचे ठसे दिसत नाहीत. त्यांनी एका बाजूने झाडे तोडायला घेतली. आता देवता घाबरली. दुसऱ्या वनात जाऊन तिने वाघा-सिंहाची हात जोडून विनवणी केली, "परत या." ते म्हणाले, "आम्ही येणार नाही." थोड्याच दिवसांत वन संपले आणि तिथे शेते झाली.

इथे आम्ही वही मिटली आणि विचारले, "चूक कुणाची?" एक म्हणाला, देवतेची. एक म्हणाला, माणसांची. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "वास येत होता तर साफ करायचे ना, हाकलायचे कशाला?" दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला या पोरीने आजच्या वस्तीचे उत्तर दिले. बिबट्या वस्तीत येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यांसाठी, कुत्री येतात उघड्या कचऱ्यासाठी. ही साखळी आम्ही फळ्यावर काढून दाखवली तेव्हा मुलांना ती चटकन कळली. नगरसेवकांना कळायला वेळ लागतो.

हाकलण्याचेही पाहा. जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसले की त्यामुळे हल्ले थांबले नाहीत. उलट जिथे सोडले तिथे वाढले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते. मूळची जागा रिकामी झाली तर दुसरा बिबट्या येऊन ती घेतो.

आता एक शंका अनेक उपासकांनी आम्हाला विचारली आहे. जातकांत पूर्वजन्म आहेत, देवता आहेत. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, मुलांच्या डोक्यात हे कशाला भरायचे? शंका रास्त आहे. आम्हाला पडवीतच एका मुलाने विचारले, "काका, झाडात देवता खरी असते?" आम्ही म्हणालो, "नसते. गोष्टीत असते, जसा गोष्टीत ससा बोलतो." त्याचे समाधान झाले. मुलाला गोष्ट आणि खरे यांतला फरक कळतो, मोठ्यांनाच कधी कधी कळत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात भिंतीवर छद्दंत हत्तीची जातककथा रंगवली आहे. आपल्या पूर्वजांनी भिक्खूंपासून अडाणी यात्रेकरूंपर्यंत सर्वांना चित्रांतूनच धम्म वाचायला दिला. तो ठेवा पूर्वजन्माच्या भीतीने टाकून देणे आम्हाला पटत नाही.

आणि आमचा तर या जंगलाशी दुहेरी संबंध आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी याच उद्यानाच्या पोटात आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख तिथे आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. भिक्खूंनी तिथे शतकानुशतके पावसाळे काढले, तेव्हा त्यांचे शेजारी कोण असतील हे वेगळे सांगायला नको. पुढच्या वेळी मुलांना घेऊन कान्हेरीला जाल तेव्हा तिकीट काढून, फोटो काढून परत येऊ नका. एखाद्या टाक्यापाशी बसून ही गोष्ट वाचा. तुळशी आणि विहार हे दोन तलावही याच जंगलात आहेत. इंग्रजांच्या काळापासून ते मुंबईला पाणी देतात. वाघ वनाला राखतो म्हणजे काय, हे तिथे बोट दाखवून सांगता येते.

हे सगळे एका रविवारी चालू असताना मागे उभ्या असलेल्या एका वडिलांनी मात्र आम्हाला अडवले. म्हणाले, "बिबट्याला जंगल पाहिजे, कबूल. आमचे घर १९९७ च्या कोर्टाच्या आदेशानंतर पाडले. बिबट्याचा हिशेब होतो, आमचा कुणी केला?" पडवी शांत झाली. खरे आहे ते. उच्च न्यायालयाच्या त्या आदेशानंतरच्या वर्षांत उद्यानाच्या हद्दीतली हजारो घरे पडली. काहींना चांदिवलीत जागा मिळाली, अनेकांना मिळाली नाही. आणि त्याच उद्यानाच्या कडेला जंगलाचा देखावा विकणारे उंच मनोरे उभे राहिले, ते अजून उभे आहेत. आमच्याजवळ त्या बापाला देण्यासारखे उत्तर नव्हते आणि आम्ही ते बनवलेही नाही. पण गोष्टीतले वन कुणी तोडले, एवढा प्रश्न मुलांना विचारताना आता आम्ही आणखी एक विचारतो: तोडणाऱ्यांत कुऱ्हाडवाला कोण आणि शेताचा मालक कोण? मुले यावर फार छान भांडतात.

मोजदादीचे म्हणाल तर, उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. छुप्या कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात २०१५ साली उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले, २०१८ साली ४७. जगाच्या यादीत बिबट्या धोक्यात आलेल्यांत गणला जातो. मुलांना आकडा आवडतो. ४७ मुले रांगेत उभी करायला सांगा, म्हणजे एवढेच का, असे तेच विचारतील.

भय घालण्याऐवजी जे शिकवायचे ते त्याच वेळी शिकवावे. अंधार पडल्यावर लहान मुलाने एकट्याने बाहेर जाऊ नये. जावे लागले तर मोठे माणूस, बॅटरी आणि मोठ्याने गप्पा. उघड्यावर एकटे उकिडवे बसू नये, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. दिसलाच तर पळू नये, दगड मारू नये, त्याला जायला वाट ठेवावी. आमच्या मुलांनी याचे गाणे केले आहे, चाल एका भीमगीताची आहे आणि ती फार मोठ्याने म्हटली जाते, हाच त्याचा गुण.

गिधाडाच्या दिवशी पडवीत एक आजीबाई येऊन बसल्या. गिज्झजातकात म्हाताऱ्या आईबापांना पोसणारे गिधाड आहे, जाळ्यात सापडल्यावरही त्याला त्यांचीच काळजी. मुले 'ई, गिधाड!' म्हणाली. आजी म्हणाल्या, "ई काय? आमच्या गावी ढोर मेले की सांगावा महारवाड्याला यायचा. माझे सासरे ओढून न्यायचे. वर आभाळात गिधाडांची चक्रे. ती आमच्याआधी हजर." बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोरांचे मांस सोडायला सांगितले, त्या वाटेने त्यांच्या सासऱ्यांनी ते कामच टाकले आणि मुंबई गाठली. आजी वाचू शकत नाहीत. त्या दिवशी पुस्तक मुलांच्या हातात होते आणि गोष्ट आजींच्या तोंडात. पुढचे आम्ही सांगितले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, ते मेलेले गुरू खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची शंभरातली नव्याण्णव गिधाडे गेली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ज्या कामाला गाव माणसांना अस्पृश्य ठरवत होते, तेच काम करणारा पक्षी गेल्यावर गावोगाव मेलेली ढोरे कुजत पडली आणि भटकी कुत्री माजली. आजी एवढेच म्हणाल्या, "आता कळली होय त्याची किंमत?"

घरी वाचायचे कसे, हे आया विचारतात. दहा बाय बाराची खोली, टीव्ही चालू, बाप रात्रपाळीला, आई चार घरची भांडी घासून आलेली. त्यांना आम्ही तासभर वाचा म्हणणार नाही. दहा मिनिटे, टीव्ही बंद, एकच पुस्तक. मूल तेच पुस्तक पंधरा वेळा मागते, द्यावे. मधेच थांबून 'आता काय होईल?' विचारावे आणि चुकीचे उत्तर आले तरी हसू नये. वाचता येत नसेल तर चित्रे वाचावीत. पुस्तके महाग नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके स्वस्त असतात, बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते, आणि घरात मोबाईल असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत. फक्त मोबाईल मुलाच्या हातात देऊन आपण भाकरी थापायला उठू नये. दोघांनी मिळून पाहावे.

पुढच्या रविवारी छद्दंत हत्तीची गोष्ट घेणार आहोत. सुळ्यांसाठी त्याला मारायला शिकारी येतो, आणि हत्ती स्वतःच सुळे कापायला मदत करतो. ती रडवणारी आहे, म्हणून आईबापांनी आधी घरी एकदा स्वतः वाचून घ्यावी. आणि रंगीत खडू ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावेत, करडा रंग विहारातला संपला आहे.