जीवनाचा अर्थ : एका राजाने विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षी वर्षावासात आपल्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन होत असे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या बाबासाहेबांच्या ग्रंथातील, बुद्धांच्या समकालीन विचारवंतांविषयीचा भाग त्या दिवशी वाचून झाला होता. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारले, "सर, त्या काळी एवढी मते होती. आजही प्रत्येक जण जीवनाचा अर्थ वेगळाच सांगतो. आई म्हणते, मुलांना शिकवले की झाले. काका म्हणतात, नशिबात असेल ते होते. कॉलेजातली मुले म्हणतात, खा, प्या, मजा करा. मग खरे कोणाचे धरायचे?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला ती सवय असते. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की त्यावरच लिहावे.

मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि वीसेक वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. परंतु या मुलीच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी मगधाच्या एका राजाने विचारला होता. त्याची हकिकत दीघनिकायातील 'सामञ्ञफलसुत्त' या दुसऱ्या सुत्तात आली आहे. ती आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी असे मला वाटते.

कार्तिकी पौर्णिमेची रात्र होती. राजा अजातशत्रू राजगृहात राजवाड्याच्या गच्चीवर अमात्यांसह बसला होता. चांदणे सुंदर पडले होते. राजा म्हणाला, आज कोणाकडे जावे, की ज्याच्या सहवासात मनाला शांती लाभेल? अमात्यांनी एकेक करून सहा प्रसिद्ध आचार्यांची नावे सुचवली. राजा गप्प राहिला. शेवटी त्याने स्वस्थ बसलेल्या जीवक वैद्याला विचारले. जीवकाने सांगितले, की भगवान बुद्ध १२५० भिक्खूंसह माझ्या आंबराईत उतरले आहेत, तेथे जावे.

हत्ती सज्ज झाले, मशाली पेटल्या. पण आंबराई जवळ येताच राजा घाबरला. एवढी माणसे असून शिंकेचा किंवा खोकल्याचा आवाज कसा येत नाही? तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे त्याने जीवकाला विचारले. मगधाच्या सत्ताधीशाला शांततेची भीती वाटावी, याचे कारण पुढे कळते.

राजाने विचारलेला प्रश्न फार व्यवहारी आहे. तो म्हणतो, माहुत, स्वार, धनुर्धारी, आचारी, न्हावी, माळी, परीट, विणकर, कुंभार, हिशेब करणारे गणक, हे सगळे आपापल्या कामाचे फळ याच जन्मी डोळ्यांनी पाहतात. आईबापांना, बायकामुलांना, मित्रांना सुखी करतात. तसे श्रमणाच्या जीवनाचे इथेच, आत्ताच दिसणारे फळ कोणते? (या यादीत गणक पाहून मला आनंद झाला. आमची जात फार जुनी आहे!) शब्द श्रमणजीवनाचे असले तरी त्यामागचा प्रश्न आपलाच आहे : माणसाने जगावे कशासाठी, आणि ते खरे आहे हे ओळखावे कशावरून?

बुद्धांनी उलट विचारले, हा प्रश्न आपण इतरांना विचारला होता का? राजाने विचारला होता, आणि सहाही उत्तरे त्याला पाठ होती. पूरण कस्सप म्हणाला होता, की मारण्यात पाप नाही आणि दानात पुण्य नाही. मक्खली गोसाल म्हणाला, की सर्व नियतीने ठरलेले आहे. फेकलेला सुताचा गुंडा जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेल्या काळापर्यंत फिरत राहतात. अजित केसकंबलाच्या मते माणूस चार महाभूतांचा बनलेला असून मेल्यावर काही उरत नाही. परलोक नाही, आई नाही, बाप नाही. पकुध कच्चायन म्हणाला, की सात पदार्थ शाश्वत आहेत. कोणी तीक्ष्ण शस्त्राने डोके उडवले तरी शस्त्र त्या पदार्थांच्या मधल्या पोकळीतून जाते, म्हणून मारणारा कोणी नाही आणि मरणाराही नाही. निगंठ नातपुत्ताने चार प्रकारचा संयम सांगितला. संजय बेलट्ठिपुत्ताने 'असे आहे असेही म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही' एवढेच सांगितले. राजा म्हणतो, आंब्याविषयी विचारावे आणि लकुचाविषयी (हे फणसाच्या जातीचे झाड) सांगावे, तसे झाले. मी त्यांचा अपमान केला नाही, पण समाधानही पावलो नाही. उठून आलो.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही मते बौद्ध परंपरेने नोंदवलेली आहेत. निगंठ नातपुत्त म्हणजे जैनांचे महावीर, आणि त्यांचे तत्त्वज्ञान अशा दोन ओळींत मावणारे नाही. मक्खली गोसालाच्या आजीवक पंथाचे तर स्वतःचे ग्रंथच उरले नाहीत. तरी सम्राट अशोकाने अभिषेकानंतर बाराव्या वर्षी गयेजवळील बराबर डोंगरातील लेणी याच आजीवकांना दान दिली, याचे शिलालेख आहेत. भिन्न मताच्या माणसाला राहायला जागा देण्याइतके मन मोठे असावे लागते.

आता अजातशत्रूकडे वळू. त्याने राज्यासाठी आपला बाप बिंबिसार याला ठार केले होते. अट्ठकथा म्हणते, की त्याला कैदेत टाकून त्याचे अन्न तोडले, आणि त्यानंतर राजाला झोप येईनाशी झाली. डोळे मिटले की तो दचकून ओरडत उठे. हे लक्षात घेऊन ती उत्तरे पुन्हा वाचावीत. मारण्यात पाप नाही. जे झाले ते ठरलेलेच होते. आई नाही, बाप नाही. मारणारा कोणी नाही. बापाला मारणाऱ्या मुलाला याहून सोयीचे दुसरे काय हवे? चार-चार आचार्य त्याला, त्याने न मागताही, निर्दोष ठरवत होते. तरीही त्याचे समाधान झाले नाही. मला या सुत्तातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

याचे कारण मला स्वतःच्या एका चुकीमुळे थोडेफार कळले. २००९ साली मी कॅशियरच्या जागेवर होतो. एका संध्याकाळी कॅशमध्ये पाच हजार रुपये कमी आले. समोरच्या टपरीवरचा पोरगा चहाचा कप केबिनच्या आत ठेवून जाई. नियमाने त्याने आत यायला नको होते, पण मीच येऊ देत असे. संशय त्याच्यावर गेला. त्याला दरडावले, खिसे तपासले. पैसे मी पदरचे भरले. रात्री जेवताना आठवले, की दुपारच्या गर्दीत एका व्यापाऱ्याला पन्नासच्या नोटांची दहाऐवजी अकरा पॅकेटे दिली असावीत. हे मी फक्त तिघा जवळच्या सहकाऱ्यांना सांगितले. एक म्हणाले, "व्हायचे ते चुकत नाही." दुसरे म्हणाले, "पैसे तू भरलेस ना, मग पाप कसले?" तिसऱ्यांचे मत असे, की पोराने घेतलेच नसतील असे तरी कोण सांगणार? मक्खली, पूरण आणि संजय, तिघेही माझ्यासोबत डबा खात होते! माणसे चांगली होती, मला धीर देत होती. पण माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चौथ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना सांगितले. व्यापाऱ्याने पॅकेट परत केले. टपरीवर गेलो तो पोरगा काम सोडून गेला होता, आणि टपरीवाल्याला त्याचे गावही धड माहीत नव्हते. तो पुन्हा भेटला नाही. त्याचे नाव मी कधी विचारले नव्हते.

म्हणूनच बुद्धांनी राजाला दिलेले पहिले उत्तर वाचताना मी थबकतो. बुद्धांनी आत्मा, परलोक, नियती यांपैकी काहीच काढले नाही. ते म्हणाले, महाराज, समजा तुमचा एक दास आहे. तुमच्या आधी उठतो, तुमच्या नंतर निजतो, तुमच्या तोंडाकडे पाहून काम करतो. त्याच्या मनात येते, की हा राजाही माणूस आणि मीही माणूसच. तो घर सोडून भिक्खू होतो, संयमाने राहतो. तुम्हाला हे कळले तर, 'आणा त्याला, पुन्हा माझा दास होऊ द्या,' असे म्हणाल का? राजा म्हणतो, नाही. उलट आम्हीच त्याला वंदन करू, उठून उभे राहू, आसन देऊ. बुद्ध म्हणतात, हे एक दिसणारे फळ झाले.

त्यानंतर शील, समाधी आणि प्रज्ञा यांची चढती फळे विस्ताराने येतात. ती मुळातच वाचावीत. मला येथे एवढेच दाखवायचे आहे, की फळ सांगायला सुरुवात कोठून झाली. ती राजाच्याच घरातल्या, राजाने कधी माणूस म्हणून न पाहिलेल्या माणसापासून झाली. आणि त्या दासाला उठून आसन देऊ, हे राजाच्याच तोंडून वदवून घेतले.

सुत्ताच्या शेवटी राजा आपण होऊन बोलतो. राज्यलोभाने मी धार्मिक पित्याला मारले, हा माझा अपराध समजून घ्यावा, असे म्हणतो. 'काही हरकत नाही' असे बुद्ध म्हणत नाहीत. तुम्ही अपराध केलात, पण तो अपराध म्हणून पाहिलात, म्हणून तुमची कबुली आम्ही स्वीकारतो, असे म्हणतात. राजा गेल्यावर ते भिक्खूंना सांगतात, की पित्याला मारले नसते तर याच आसनावर याला धम्मदृष्टी लाभली असती. कबुली दिली म्हणून केलेले पुसले गेले नाही.

भारहुतच्या स्तूपाच्या एका खांबावर हा प्रसंग कोरलेला आहे. अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो, असा त्यावर लेख आहे. हा खांब आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. त्यावर हत्ती आहेत, हात जोडलेला राजा आहे, पण बुद्धांची मूर्ती नाही. आसन आणि पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत.

पुढच्या एका रविवारी मी हे सारे त्या मुलीला सांगितले. आई, काका आणि मित्र यांतले कोणाचे खरे, हे तिने पुन्हा विचारले नाही. "मग राजाला झोप लागली का?" एवढेच विचारले. तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हते. घरी येऊन पाहिले. अट्ठकथेत ते लिहिलेले आहे. त्या उपदेशानंतर राजाला झोप येऊ लागली.