तीन टेनर, एक मैफल आणि मदतनिधी

७ जुलै १९९० रोजी रोममधील काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या भग्न भिंतींसमोर तीन ऑपेरागायक एकाच रंगमंचावर आले: स्पेनचे होसे कारेरास आणि प्लासिदो दोमिंगो, आणि इटलीचे लुचानो पावारोत्ती. वाद्यवृंदाचे संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे होते. दुसऱ्या दिवशी रोममध्येच फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना असल्याने जगाचे लक्ष या शहराकडे लागलेले होते. त्या संधीचा उपयोग करून रक्ताच्या कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी निधी उभारावा, हा मैफलीचा मूळ उद्देश होता.

त्यामागे कारेरास यांचा आजार होता. १९८७ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. वाचण्याची शक्यता दहात एक इतकीच सांगितली गेली. बार्सिलोनात आणि नंतर अमेरिकेतील सिएटलमध्ये उपचार झाले. त्यांचीच अस्थिमज्जा काढून, तिच्यावर प्रक्रिया करून ती पुन्हा शरीरात सोडण्यात आली. १९८८ मध्ये ते रंगमंचावर परतले आणि त्याच वर्षी त्यांनी बार्सिलोनात या रोगावरील संशोधन व रुग्णसाहाय्यासाठी संस्था स्थापन केली. दोमिंगो आणि पावारोत्ती हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले जात. पण या मैफलीसाठी दोघेही तयार झाले. बऱ्या झालेल्या सहकाऱ्याचे ते एक प्रकारे स्वागतच होते.

प्रेक्षक मोठ्या संख्येने यायचा तर कार्यक्रमात काय असावे, हा प्रश्न महत्त्वाचा होता. ऑपेरा म्हणजे गाण्यातून उलगडणारे नाटक. टेनर हा पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज. नायकाची भूमिका बहुधा त्याच्याकडेच असते. नाट्यगृहात हे गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातात. वाद्यवृंदाला भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज वर्षानुवर्षांच्या तालमीतून घडतो. मात्र तीन तासांचा संपूर्ण ऑपेरा नवख्या श्रोत्याला जड जातो. भाषा परकी आणि कथानक अनोळखी असते. म्हणून अशा मैफलीत ऑपेरातील सुटी पदे निवडली जातात, जशी आपल्याकडे संगीत नाटकाबाहेर नाट्यपदांची मैफल रंगते. काराकाल्लात पुच्चिनीच्या ‘तोस्का’ आणि ‘तुरांदोत’, चिलेआच्या ‘लार्लेझियाना’ अशा ऑपेरांतील पदे गायली गेली.

त्यांच्या जोडीला होती लोकांच्या तोंडी बसलेली गाणी. त्यांत नेपल्सच्या गीतांचा मान मोठा. ही गीते इटालियनमध्ये नव्हे, तर नेपल्सच्या बोलीत लिहिली जातात. ‘ओ सोले मिओ’चे कवी जोव्हान्नी कापुर्रो आणि संगीतकार एदुआर्दो दि कापुआ, साल १८९८. म्हणजे काटेकोर अर्थाने हे अनामिक लोकगीत नाही. पण रस्त्यावरच्या वादकांपासून स्थलांतरितांपर्यंत सर्वांनी ते आपले मानले, म्हणून त्याला लोकगीताचेच स्थान मिळाले. मेक्सिकोचे ‘सिएलितो लिंदो’ हे गीतही तसेच. दोमिंगो यांनी स्पेनच्या झार्झुएला या लोकप्रिय संगीत नाट्यप्रकारातील एक पद गायले. त्यांचे आई-वडील झार्झुएलाचेच कलावंत असल्याने हा प्रकार त्यांना घरचा होता.

कार्यक्रमाच्या अखेरीस तिघांनी मिळून गीतमालिका सादर केली. तिची रचना अर्जेंटिनात जन्मलेल्या लालो शिफ्रिन यांची होती. नेपल्स, मेक्सिको, रशिया, व्हिएन्ना, पॅरिस अशी ठिकठिकाणची गाणी तिच्यात ओवलेली होती. ‘ओ सोले मिओ’ पुन्हा गाताना पावारोत्तींनी एक स्वर लांबवून कंपित केला, तेव्हा उरलेल्या दोघांनी मिळून त्याची मिश्कील नक्कल केली आणि श्रोत्यांत हशा पिकला. गंभीर समजले जाणारे गायक लोकगीताच्या आधाराने असे मोकळे होऊ शकले.

मैफलीचे चित्रण दूरचित्रवाणीवरून देशोदेशी पोचले आणि तिची ध्वनिफीत अभिजात पाश्चात्त्य संगीतातील आजवरची सर्वाधिक खपलेली ठरली. आक्षेपही घेतले गेले. ध्वनिवर्धकामुळे आवाजाचा खरा कस लागत नाही, हलक्याफुलक्या गाण्यांच्या शेजारी ऑपेरातील पदांचे गांभीर्य हरवते, असे काही समीक्षकांचे म्हणणे होते. पुढे १९९४ मध्ये लॉस एंजेलिस, १९९८ मध्ये पॅरिस आणि २००२ मध्ये योकोहामा येथे विश्वचषकाच्या निमित्ताने झालेल्या मैफली व्यावसायिक वळणाच्या होत्या, ही टीकाही रास्त आहे.

पहिल्या मैफलीचा उद्देश मात्र कागदावर राहिला नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना दुसऱ्याच्या अस्थिमज्जेची गरज असते. सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. ती झाली नाही तर अनोळखी दाता शोधावा लागतो आणि त्यासाठी इच्छुक दात्यांची नोंदणी हाताशी असावी लागते. स्पेनमध्ये अशी राष्ट्रीय नोंदणी कारेरास यांच्या संस्थेने १९९१ मध्ये, मैफलीच्या पुढच्याच वर्षी सुरू केली.